चार क्लिपा आणि कलम २४

हे प्रकरण ठाण्यातल्या एका निवृत्त तंत्रज्ञाचं आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी ट्रान्सफॉर्मर आणि कंट्रोल पॅनेल दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवली, कारखाना बंद पडला तसे घरी बसले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, इथे त्यांना काका म्हणतो. नौपाड्यातल्या एका वाचनालयात शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जण लोकांना माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देतो. बहुतेक अर्ज पाणीपट्टी, रेशनकार्ड, सोसायटीचा कन्व्हेयन्स आणि फुटपाथ यांचेच असतात. काका आले ते मसुदा घेऊनच. विषय होता, "ठाणे शहरातील नागरिकांच्या शरीरात संमतीविना बसवण्यात आलेल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांबाबत". अर्ज संरक्षण मंत्रालयाच्या नावे, प्रश्न सतरा. पहिलाच प्रश्न: "माझ्या पोटातील चार अँटेनांची फ्रिक्वेन्सी व उद्देश कळवावा."

सोबत एक्स-रे होता. काकांनी तो ट्यूबलाइटसमोर धरला आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. कमरेच्या मणक्यांच्या उजवीकडे वर, बरगड्यांच्या खाली, चार पांढऱ्याशुभ्र रेघा होत्या. प्रत्येक जेमतेम सेंटिमीटरभर, स्टेपलरच्या पिनांसारखी. हाडं करडी दिसत होती, या रेघा मात्र लखलखीत. त्या धातूच्या आहेत हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

हकिकत अशी. दीड वर्षापूर्वी काकांच्या पित्ताशयात खडे निघाले आणि एका खासगी रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढलं. तिसऱ्या दिवशी घरी. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, त्यावर शस्त्रक्रियेचं नाव, गोळ्या आणि पुन्हा दाखवायची तारीख. पुढे कंबर धरली म्हणून एक्स-रे काढला, तेव्हा तिथल्या मुलाने सहज विचारलं, "काका, पोटात काय बसवलंय?" काकांना काहीच माहीत नव्हतं. एक्स-रेच्या अहवालात फक्त मणक्यांची झीज लिहिलेली, त्या चार रेघांबद्दल अक्षर नाही. त्याच सुमारास रात्री कानात बारीक शिट्टी वाजायला लागली होती. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहेच. आणि जानेवारी २०२४ मध्ये इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीने पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत चिप बसवल्याची बातमी घराघरांत पोचली होती. काका तंत्रज्ञ. धातू, आवाज, टॉवर आणि बातमी ही चार टोकं त्यांनी जोडली. सर्किट पूर्ण झालं.

मुलगा ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरीला. त्याने बाबांना आधी हसण्यावारी नेलं, मग चिडला, मग "ठाण्याला दाखवू या का?" असं आईला विचारलं. ठाण्यातच राहणाऱ्या माणसाने ठाण्याला दाखवू म्हणणं जरा विनोदी आहे, पण १९०१ पासून इथे मनोरुग्णालय असल्यामुळे आख्ख्या मुंबई इलाख्यात या वाक्याचा अर्थ एकच होतो. तो काकांनी दाराआडून ऐकला आणि मुलाशी बोलणं टाकलं. काकू एकदा एकट्याच वाचनालयात आल्या. "भाऊ, हे रात्री दोन वाजता मेन स्विच बंद करून अंधारात बसतात. फ्रिज बंद पडतो, दूध नासतं. मी काही बोलत नाही. पण झोपत नाहीत हो हे, महिना झाला."

मेन स्विच बंद करण्यामागे प्रयोग होता, हे मला नंतर कळलं. काकांकडे जुना ट्रान्झिस्टर आहे. मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवून ते तो पोटाजवळ नेत, आणि ट्रान्झिस्टर गुरगुरत असे. त्यांच्या लेखी हा पुरावा. वहीत वेळा टिपलेल्या होत्या, तारखेनिशी, रकाने आखून. मी वही पाहिली तेव्हा एक गोष्ट खटकली: गुरगुर फक्त संध्याकाळनंतरची होती. एका रविवारी त्यांच्या घरी गेलो आणि एवढंच म्हटलं, "काका, हाच ट्रान्झिस्टर त्या दिव्याजवळ धरा." छताला स्वस्तातला एलईडी बल्ब. ट्रान्झिस्टर इतका खरखरला की काकू आतून बाहेर आल्या. बल्ब बंद केला, खरखर थांबली. पुन्हा पोटाजवळ, शांत. एलईडीच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं सर्किट, वीज चालू-बंद करत असतो आणि त्याचा कचरा मीडियम वेव्हवर सांडतो, हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ते बराच वेळ बल्बकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मेन बंद केल्यावर आवाज जायचा तो यामुळे. पण कानातली शिट्टी जात नव्हती. ती मी वेगळ्या रकान्यात लिहिली आहे." खरंच लिहिली होती. हा माणूस पुरावा ऐकतो, हे मला तिथे कळलं, आणि पुढचं सगळं त्या भरवशावर केलं.

त्यांना पूर्ण खोटं पाडणं मला जमणारही नव्हतं, कारण सतरातले निम्मे प्रश्न इतिहासाला धरून होते. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने १९५३ मध्ये मनावर ताबा मिळवण्याच्या प्रयोगांचा एमके-अल्ट्रा नावाचा कार्यक्रम सुरू केला आणि त्यात माणसांना न सांगता एलएसडी हे भ्रम निर्माण करणारं द्रव्य दिलं, हे अमेरिकी सिनेटच्या चौकशीत सिद्ध झालेलं आहे. माँट्रिअलमधल्या ॲलन मेमोरियल संस्थेत इवेन कॅमेरॉन या मनोविकारतज्ज्ञाने उपचाराच्या नावाखाली रुग्णांवर जे केलं, त्याला या कार्यक्रमातूनही पैसा आला. होसे डेलगाडो यांनी १९६० च्या दशकात स्पेनमध्ये बैलाच्या मेंदूत तारा घालून, अंगावर येणारा बैल रेडिओच्या बटणाने थांबवून दाखवला. ॲलन फ्रे यांनी १९६२ मध्ये नोंदवलं की रडारसारख्या स्पंदित मायक्रोवेव्हने माणसाला बाहेर काही आवाज नसतानाही टिकटिक ऐकू येऊ शकते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची डार्पा ही संस्था मेंदू आणि यंत्र जोडण्याच्या संशोधनाला आजही उघडपणे पैसा देते. आपल्याकडेही हात अगदी स्वच्छ नाहीत. मेंदूच्या विद्युत लहरी तपासून "हे याने अनुभवलं आहे" असं सांगणाऱ्या चाचणीचा आधार पुण्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये एका खुनाच्या निकालात घेतला होता. त्याच वर्षी निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ती चाचणी शास्त्राला धरून नाही असं सांगितलं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात असली चाचणी, नार्को आणि पॉलिग्राफ, तिन्ही माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असा निकाल दिला. म्हणजे मेंदूत डोकावायचा मोह सरकारला झालेला आहे, आणि तो कायद्याने रोखावा लागलेला आहे.

तेव्हा काकांना "असं काही नसतंच" म्हणणं खोटं ठरलं असतं. शिवाय त्यांच्या पोटात धातू होताच.

आम्ही बसून प्रश्नांची फोड केली. माझी एकच अट होती. ज्या प्रश्नाचं उत्तर दोन प्रकारे येऊ शकतं, तो आधी विचारायचा. काय आलं तर तुमचं म्हणणं खरं आणि काय आलं तर खोटं, हे प्रश्न विचारण्याआधी वहीत लिहायचं, आणि उत्तर आल्यावर ते बदलायचं नाही. कारखान्यात फॉल्ट शोधताना काका हेच करत आले होते, त्यामुळे फार समजवावं लागलं नाही.

पहिला प्रश्न रुग्णालयाचा. खासगी रुग्णालयाला माहिती अधिकार थेट लागू होत नाही, पण त्याची गरजही नव्हती. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याचे कागद द्यावे लागतात, आणि दाखल झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवावे लागतात. आम्ही मागितलं: शस्त्रक्रियेची टिपणी, संमतीपत्राची प्रत, आणि औषधं व साहित्याचं तपशीलवार बिल. बिलावर माझा जोर होता आणि त्याला कारण आहे. एमके-अल्ट्राच्या फायली १९७३ मध्ये सीआयएचे संचालक रिचर्ड हेल्म्स यांच्या आदेशाने नष्ट झाल्या होत्या. तरी १९७७ मध्ये सुमारे २० हजार पानं सापडली, कारण ती हिशेबाच्या कागदांत गेली होती आणि नष्ट करणाऱ्यांना तिथे बघायचं सुचलं नाही. माहिती मागणाऱ्याचा अर्ज आला म्हणून शोध झाला आणि ती बाहेर पडली. माहिती अधिकारात काम करणाऱ्या कुणालाही हे अनुभवाने माहीत असतं: धोरण विचारलं तर गोल उत्तर येतं, देयक मागितलं तर खरं उत्तर येतं.

रुग्णालयाने आधी टोलवाटोलवी केली. रेकॉर्ड विभागातल्या बाईंनी "कशाला हवंय, केस करायची आहे का?" असं विचारलं. लेखी अर्ज, पोच आणि नियमाचा उल्लेख यांनी काम झालं. कागद आले. संमतीपत्र छापील, इंग्रजीत, रिकाम्या जागा न भरलेल्या, खाली काकांची मराठी सही. शस्त्रक्रियेच्या टिपणीत एक ओळ, पित्ताशयाची नलिका आणि धमनी क्लिप लावून कापली. आणि फार्मसीच्या बिलात, सलाइन आणि हातमोज्यांच्या मध्ये: टायटॅनियम लिगेटिंग क्लिप, सहाचं कार्ट्रिज, नग एक.

काकांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "सहा घेतल्या. पोटात चार. दोन कुठे आहेत?"

प्रश्न रास्त होता आणि तो मला सुटला नसता. ओळखीतल्या एका सर्जन बाईंना विचारलं, त्यांनी वेळ दिला. त्यांनी काकांच्याच वहीवर आकृती काढली. पित्ताशयाला दोन नळ्या येतात, एक पित्ताची, एक रक्ताची. कापण्याआधी प्रत्येकीवर तीन क्लिपा लावायची पद्धत आहे: दोन शरीराच्या बाजूला, एक पित्ताशयाच्या बाजूला. मग त्यांच्या मधून कापायचं. म्हणजे दोन नळ्यांच्या मिळून चार क्लिपा आत राहतात, आणि उरलेल्या दोन पित्ताशयाबरोबर बाहेर जातात. "सहा वजा दोन चार. काका, तुमच्या एक्स-रेत चारच आहेत, हिशेब जुळला." क्लिपा आयुष्यभर राहतात, टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, त्यात बॅटरी नाही, सर्किट नाही, त्या नुसत्या चिमटलेल्या पट्ट्या आहेत. काकांनी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलं? त्यावर बाई म्हणाल्या, "सांगायला हवं होतं. आम्हाला ते टाक्यांइतकं साधं वाटतं, म्हणून राहून जातं." माझ्या मते या सगळ्या प्रकरणात एवढ्या एका वाक्याने जेवढं काम केलं तेवढं दुसऱ्या कशाने नाही केलं. २००८ च्या समीरा कोहली निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमती म्हणजे पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती, असं बजावलं आहे. न भरलेल्या इंग्रजी फॉर्मवरची मराठी सही त्यात बसते का, हे वाचकांनीच ठरवावं.

चिपचा मुद्दा त्याच बैठकीत निघाला आणि पटकन संपला, कारण काका तंत्रज्ञ आहेत. न्यूरालिंकचं यंत्र मोठ्या नाण्याएवढं आहे. ते बसवायला कवटीला भोक पाडावं लागतं, ६४ धागे आणि त्यांवरचे १,०२४ इलेक्ट्रोड रोबोटने मेंदूत शिवावे लागतात, बॅटरी वरचेवर चार्ज करावी लागते. एवढं करूनही पहिल्या रुग्णाचे बरेच धागे काही आठवड्यांत मेंदूतून सरकले होते. शिवाय संगणकाला त्याच्या मेंदूची सवय व्हायला त्या माणसाला स्वतः सराव करावा लागतो. कंपवातासाठी मेंदूत जी उपकरणं बसवतात त्यांची तार कातडीखालून छातीतल्या बॅटरीपर्यंत येते आणि हाताला लागते. हे चोरून करता येण्यासारखं काम नाही. "पोटातून मेंदूपर्यंत तार कुठून नेली असती?" असं काकांनी स्वतःच म्हटलं आणि ते कलम वहीत आडवी रेघ मारून खोडलं.

टॉवरचं तसं झालं नाही. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर शुल्क भरलं की टॉवरमधून येणाऱ्या रेडिओ लहरींची मोजणी करून मिळते. पैसे मुलाने भरले, मीच त्याला भरायला सांगितलं, बापलेकांत तेवढा तरी व्यवहार सुरू व्हावा म्हणून. मोजणी मर्यादेच्या आत आली. भारताची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एकदशांश आहे. काकांचं म्हणणं, "मर्यादा ठरवणारेही तेच आणि मोजणारेही तेच." यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. टॉवर वहीत अजून उघडा आहे.

कानातली शिट्टी. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी श्रवणचाचणी केली. ४,००० हर्ट्झजवळ दोन्ही कानांचा आलेख खाली गेलेला. यंत्रांच्या गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा आलेख नेमका असाच पडतो, आणि अशा कानांत शिट्टी वाजणं नेहमीचं आहे. हेही काकांनी मानलं, थोडं नाखुशीने. कारखान्याने कानांत घालायला कधी काही दिलं नव्हतं, हे मात्र ते दोनदा म्हणाले.

आता कलम २४. हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला होता आणि जमलं असतं तर टाळलाच असता. काकांना संरक्षण खात्याच्या एका संशोधन कार्यालयाकडे अर्ज करायचाच होता. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांची यादी आहे, संरक्षण खात्याची संशोधन संस्था डीआरडीओ त्यात आहे. कलम २४ नुसार या संस्था कायद्याच्या बाहेर. अपवाद दोनच, भ्रष्टाचाराचे आणि मानवी हक्कभंगाचे आरोप, आणि हक्कभंगाच्या बाबतीत माहिती मिळते ती केंद्रीय माहिती आयोगाने मान्यता दिली तरच. मी म्हटलं, "काका, उत्तर काय येणार ते मी आत्ताच सांगतो. तुम्ही लिहून घ्या." त्यांनी लिहिलं: कलम २४ अन्वये माहिती देता येत नाही. "आता खाली लिहा. प्रयोग चालू असेल तर हेच उत्तर येईल. प्रयोग नसेल तर हेच उत्तर येईल." ते लिहिताना त्यांचा हात थांबला. "मग या उत्तराला अर्थ काय?" "काहीच नाही. म्हणून पाठवू नका म्हणतोय."

त्यांनी पाठवला. दहा रुपये शुल्क, रजिस्टर पोस्ट. उत्तर आलं, दोन ओळींचं, अपेक्षेप्रमाणे. मला भीती होती की नकाराचा कागद हातात पडला की मेहनत पाण्यात जाईल, कारण संशयाने पोळलेल्या माणसाला "सांगता येत नाही" हे "आहे" असंच ऐकू येतं. काकांनी कागद वहीतल्या त्या पानाशी जुळवून बघितला, मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण हा काय कायदा झाला? नसेल तर नाही म्हणायला काय जातं यांचं?" याही प्रश्नाला उत्तर नाही. सरसकट मौनाने गुपित जपलं जात असेल, पण जिथे गुपितच नाही तिथेही ते संशय पेरतं, आणि त्याची किंमत एखाद्या घरात नासलेल्या दुधापासून मोजायला सुरुवात होते. किमान माणसांच्या शरीरावरच्या संशोधनापुरतं तरी "असं संशोधन आम्ही करत नाही" एवढं सांगणं बंधनकारक असावं, असं माझं मत या प्रकरणानंतर पक्कं झालं आहे. रुग्णांवरच्या औषध-उपकरण चाचण्या २००९ पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) सीटीआरआय या नोंदवहीत नोंदवाव्या लागतात, ती कुणालाही इंटरनेटवर उघडून बघता येते. काकांना ती उघडून दिली. ते तासभर रमले. भारतात मेंदूतल्या उपकरणांवर काय काय चाललंय हे नाव-गावासकट वाचता येतं, याचंच त्यांना नवल वाटलं.

झोपेचं काय, हा प्रश्न काकूंनी लावून धरला. मी डॉक्टर नाही आणि काकांना काय झालं होतं याला नाव देणं माझं काम नाही. पण महिनाभर न झोपलेल्या माणसाला कुठलाच पुरावा नीट वाचता येत नाही, हे काकांना मी काही न लपवता म्हटलं. क्लिपांचा हिशेब जुळल्यानंतर म्हटलं, आधी म्हटलं असतं तर मीही मुलाच्या बाजूला गेलो असं काकांना वाटलं असतं. काकूंनी १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीवर, फोन लावला, तिथून रीतसर मनोविकारतज्ज्ञ गाठला. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा काकांना वाचून दाखवला, कारण त्यांची खरी भीती "भरती करतील" ही होती. आपल्या उपचाराचा निर्णय घ्यायची क्षमता ज्याला आहे, त्याचा निर्णय त्याचाच, हे त्यांनी कायद्यातून दोनदा वाचलं आणि मगच गेले. तज्ज्ञांनी आधी झोपेचं औषध दिलं. मेन स्विच आता रात्रभर चालू असतो.

मुलाशी बोलणं सुरू झालं आहे, पण मोजकं. त्याने एकदा विचारलं, चिप नाहीच हे बाबांना मान्य आहे ना? मी म्हटलं, चिप नाही हे मान्य आहे, पण काळजी करूच नये हे मान्य नाही, आणि ते मलाही मान्य नाही. जगभरात साडेतीनशेहून जास्त अंध लोकांच्या डोळ्यांत बसवलेल्या आर्गस-२ या कृत्रिम दृष्टीच्या यंत्राची कंपनीच गुंडाळायला आली, आणि नादुरुस्त यंत्र डोळ्यात घेऊन माणसं वाऱ्यावर राहिली. २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरच्या सॉफ्टवेअरमधली फट बुजवायला रुग्णांना दवाखान्यात यायला सांगावं लागलं. चिलीने २०२१ मध्ये मेंदूच्या माहितीचं संरक्षण राज्यघटनेत लिहिलं. आपल्या २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात मेंदूची माहिती अशी वेगळी वर्गवारी नाही, आणि सरकारला आपल्या संस्थांना त्यातून सूट देता येते. मुलगा सॉफ्टवेअरवाला, त्याला ही सूट देणारं कलम मी सांगायच्या आधीच ठाऊक होतं.

सध्या काका एका नव्या अर्जावर काम करत आहेत. महापालिकेच्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर शरीरात काय ठेवलं, म्हणजे क्लिप, जाळी, स्टेंट, स्क्रू, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहिण्याबाबत काही परिपत्रक आहे का, असल्यास प्रत द्यावी. प्रश्न तीनच आहेत. चौथा टॉवरबद्दल होता, तो वेगळ्या खात्याचा आहे म्हणून वेगळ्या अर्जात घ्यायला सांगितलं.